ते झाड वांझ नव्हते

गेल्या वर्षी गावचे घर आवरताना फुफीच्या पत्र्याच्या पेटीत एक शाळकरी वही सापडली. फुफी म्हणजे माझ्या अब्बांची थोरली बहीण. उर्दू चौथीपर्यंत शिकलेली. या वहीत तिने आमच्या अकरा हापूस कलमांचा हिशेब लिहून ठेवला होता. पैशांचा नव्हे, झाडांचा. प्रत्येक झाडाला एक नाव: विहिरीवरचे, मशिदीकडचे, मधले, वईवरचे. नावासमोर साल आणि त्या साली त्या झाडाच्या किती पेट्या भरल्या तो आकडा, उर्दू अंकांत. ज्या साली काही आले नाही, तिथे एक आडवी रेघ.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण जुनी कागदपत्रे वाचायची सवय असल्याने ती वही मी दस्तऐवज वाचावा तशी वाचली. पानावर नुसती नजर टाकली तरी कळत होते. मोठा आकडा, मग रेघ. पुन्हा आकडा, पुन्हा रेघ. कुठे रेघेऐवजी दोन-तीन पेट्या. झाडे वेगवेगळी, पण चाल तीच.

वईवरच्या झाडासमोर १९८८ नंतर काहीच नाही, कारण त्या साली ते तोडले. मी नऊ वर्षांचा होतो. त्या झाडाने सलग दोन वर्षे आंबा दिला नव्हता. आमच्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, बाग खंडाने दिली होती आणि खंडकरी दिलेली उचल परत मागत होता. दादा चिडले होते. अंगणात उभे राहून लाकूडतोड्यांना म्हणाले, "वांझ झालंय ते, पाडून टाका." फुफी तिथेच सूप घेऊन आमसुले वाळत घालत होती. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले, त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षे झाली होती. तपासणी कुणाचीच झाली नव्हती, ठपका मात्र तिच्यावर ठेवला गेला होता. ती काही बोलली नाही. सूप तसेच ठेवून आत गेली. झाडाचे लाकूड पेट्या करणाऱ्याने नेले.

वहीत त्या झाडासमोर १९८६ साली सगळ्यांत मोठा आकडा आहे. १९८७ ला रेघ. १९८८ लाही रेघ, पण तिच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन शब्द: 'बौर आया, बारिश'. बौर म्हणजे मोहोर. त्या साली झाड मोहोरले होते आणि अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला होता. घरात ही गोष्ट एका माणसाने लिहून ठेवली होती आणि तिला कुणी विचारले नाही.

त्या रेघेमागे काय असते, हे शोधण्यात माझे बरेच महिने गेले. या शोधाचा इतिहास मला इतका रंजक वाटला की तो वाचकांसमोर ठेवावा असे वाटले.

अबुल फजलची नोंद

आंबा वर्षाआड येतो, ही गोष्ट कुणा शास्त्रज्ञाने शोधलेली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईने-अकबरी' लिहिली. तिच्यात बादशहाच्या फळांविषयी एक प्रकरण आहे आणि त्यात आंब्याला मानाचे स्थान आहे. आंबा कुठे भरपूर होतो ते सांगताना अबुल फजल बंगाल, गुजरात, माळवा यांच्याबरोबर खानदेश आणि दख्खनचेही नाव घेतो. झाडाच्या बुंध्याशी दूध आणि गुळाचे पाणी घातले की फळ गोड होते, हा त्या काळचा समज नोंदवतो. आणि त्याच ओघात एक साधी गोष्ट सांगून जातो: काही झाडे एका वर्षी भरघोस येतात आणि पुढच्या वर्षी कमी, काहींना तर एक वर्ष फळच नसते.

मी ही ओळ उर्दू भाषांतरात वाचली तेव्हा फुफीची वही डोळ्यांसमोर आली. मुघल दरबारचा विद्वान आणि कोकणातली चौथी शिकलेली बाई, दोघांनी एकच गोष्ट टिपली होती. आणि दोघांनीही झाडाला नाव ठेवले नव्हते.

अकबराने दरभंग्याजवळ एक लाख आंब्यांची 'लाखी बाग' लावली असे सांगतात. ज्याच्याकडे लाख झाडे आहेत, त्याला एखाद्या झाडाची रिकामी साल जाणवत नाही. पन्नास हजार रुसली तरी पन्नास हजार असतात. ज्याच्याकडे अकरा आहेत आणि त्यांवर घराचा वर्षाचा खर्च आहे, त्याला प्रत्येक रेघ पोटात टोचते. दादांचा राग मी आज समजू शकतो, तो यामुळे.

झाडाला धमकी

न फळणाऱ्या झाडावर रागावणे फार जुने आहे. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये 'जिओपोनिका' नावाचा ग्रीक शेतीग्रंथ संकलित झाला. ज्या जुन्या ग्रंथांवरून तो बेतला, त्यांतले काही अरबीतही उतरले होते. 'जिओपोनिका'त न फळणाऱ्या झाडासाठी एक उपाय दिला आहे. मालकाने कंबर कसून, कुऱ्हाड घेऊन रागारागाने झाडापाशी जावे, जणू आता तोडणारच. तेवढ्यात दुसऱ्याने मध्ये पडावे, गयावया करावी आणि पुढच्या वर्षी हे फळेल म्हणून झाडाचा जामीन राहावे. मालकाने जामीन मान्य करावा. मग झाड फळते म्हणे.

आणि बऱ्याचदा ते फळतच असणार! रिकाम्या सालानंतर भरलेले साल येणारच असते. धमकी दिली काय आणि न दिली काय. जे आपोआप होणार होते त्याचे श्रेय कुऱ्हाडीला मिळाले. वर्गात धाकदपटशाने मुले सुधारतात असे मानणाऱ्या आम्हा मास्तरांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

मराठीत अशा झाडाला वांझ म्हणतात, उर्दूत बाँझ. दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'वंध्या'वरून आले. झाड, जमीन आणि बाई या तिघींसाठी एकच शब्द वापरायची सोय आपल्या भाषांनी करून ठेवली आहे. त्या शब्दात कारण विचारायला जागा नाही, फक्त निकाल आहे.

डोळ्याच्या आत काय ठरते

शास्त्रज्ञांनी कारण विचारले, पण वेगळ्या टोकाने. त्यांचा प्रश्न आंब्याचा नव्हता. तो असा होता: झाडाच्या फांदीच्या टोकाला जो डोळा असतो, त्यातून पान निघायचे की फूल, हे कोण ठरवते?

आंब्याच्या बाबतीत हा प्रश्न अगदी उघड दिसतो. फांदीच्या शेंड्याला एकच मुख्य डोळा असतो. तो फुटला तर एक तर तांबूस पालवी येते, नाही तर मोहोर. ऑक्टोबरात ज्या फांदीला पालवी आली, तिला सहसा त्या हंगामात मोहोर नसतो. म्हणजे बागायतदाराचे सगळे वर्ष त्या वाटाण्याएवढ्या डोळ्याच्या निर्णयावर अवलंबून.

१८६५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी मांडले की फूल घडवणारा काही पदार्थ पानांत तयार होत असावा. कल्पना चांगली होती, पण पुरावा अपुरा. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवरून वेगळा सिद्धांत मांडला: झाडातल्या कर्बोदकांचे आणि नत्राचे प्रमाण जुळले की फूल येते. फळबागांच्या जगात हा सिद्धांत अनेक दशके चालला. आंब्याच्या रिकाम्या सालाचे उत्तरही त्यातच शोधले गेले: झाड दमले, साठा संपला, म्हणून मोहोर नाही. यात तथ्य होते, पण तेवढ्याने भागत नव्हते. दमलेल्या झाडाला भरपूर खत घातले तर त्याला पालवी जोरात येते, मोहोर नव्हे.

१९२० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका जातीने हैराण झाले होते. 'मेरिलँड मॅमथ' नावाची ही तंबाखू उन्हाळाभर माणसापेक्षा उंच वाढायची, पण फुलायची नाही. त्यांनी कुंड्या रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपीत ठेवून तिचा दिवस लहान केला आणि तंबाखू फुलली. झाड दिवसाची लांबी मोजते, हे जगाला कळले.

चैलाख्यान यांची शेवंती

यानंतरचे पान सोव्हिएत रशियात लिहिले गेले. मिखाईल चैलाख्यान हे आर्मेनियन वंशाचे तरुण संशोधक. लहान दिवसात फुलणारी शेवंती त्यांनी घेतली. शेंड्याकडची पाने काढून टाकली, खालची ठेवली. मग फक्त खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि शेंडा लांब दिवसात ठेवला. शेवंती फुलली. उलट केले, शेंड्याला लहान दिवस आणि पानांना लांब, तर फुलली नाही. म्हणजे दिवस मोजते पान आणि फुलतो शेंडा. मध्ये काहीतरी निरोप जातो. एका झाडाचा तुकडा दुसऱ्यावर कलम केला तर तो निरोप कलमातूनही पलीकडे जातो. १९३७ मध्ये त्यांनी त्याला नाव दिले, फ्लोरिजेन. फूल जन्माला घालणारा.

पण त्या वेळी तिथे ट्रोफिम लायसेंकोची चलती होती. वनस्पतींच्या वाढीचा त्याचा स्वतःचा सिद्धांत होता आणि त्याच्या पाठीशी सत्ता होती. त्या सिद्धांतात न बसणारे शास्त्र म्हणजे शत्रूचे शास्त्र. चैलाख्यान यांची डॉक्टरेट लायसेंकोच्या गोटाने अडवली. ज्यांनी जगभर फिरून धान्यांची बियाणी जमवली ते थोर निकोलाय वाविलोव १९४० मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. चैलाख्यान वाचले आणि काम करत राहिले. फ्लोरिजेन नेमका कोणता पदार्थ आहे, हे मात्र त्यांना आयुष्यभर सापडले नाही. त्यांचा मृत्यू १९९१ मध्ये झाला.

योगायोग असा की त्याच १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टेन कोर्नेफ आणि त्यांचे सहकारी मोहरीच्या कुळातल्या 'अ‍ॅराबिडॉप्सिस' या वीतभर तणाची उशिरा फुलणारी रोपे तपासत होते. त्यांतल्या एका बिघडलेल्या जनुकाला त्यांनी 'एफटी' म्हटले. १९९९ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी हे जनुक वेगळे करून ओळखले. ते पानात जागे होते हेही पुढे दिसले. आता निरोप कोण नेतो एवढेच उरले होते. २००५ मध्ये एका गटाने जाहीर केले की जनुकाची आरएनए प्रत प्रवास करते. २००७ मध्ये त्यांनीच आपला निबंध मागे घेतला, कारण निष्कर्ष टिकला नाही. त्याच वर्षी जर्मनीच्या गटाने अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये आणि जपानच्या गटाने भातात दाखवून दिले की एफटीचे प्रथिनच पानातून निघून, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत जाते. तिथे ते दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवते आणि फूल घडवणारी जनुके जागी करते. चैलाख्यान यांच्या नामकरणाला तेव्हा ७० वर्षे झाली होती.

एका काळी सत्तेच्या जोरावर बरोबर माणसाचे तोंड बंद केले गेले. दुसऱ्या काळी चुकीच्या माणसांनी आपणहून 'आमचे चुकले' म्हटले. ज्ञान कुठल्या वाटेने पुढे जाते, हे मला या दोन प्रसंगांतून मुलांना सांगावेसे वाटते.

हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा

एफटीचा एक भाऊबंद आहे, 'टीएफएल-१'. दोघे एकाच घराण्यातले, दिसायला जवळजवळ सारखे. पण एफटी म्हणतो 'फूल', तर टीएफएल-१ म्हणतो 'थांब, अजून पाने'. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. या दोघांच्या माळेत सुमारे पावणेदोनशे मणी असतात. २००५ मध्ये असे दाखवले गेले की टीएफएल-१ च्या माळेतला एक विशिष्ट मणी बदलून तिथे एफटीचा मणी घातला, तर 'थांब' म्हणणारे प्रथिन 'फूल' म्हणू लागते. एक मणी!

फळझाडांत हे खरे ठरते का? ठरते. जपानी संशोधकांनी सफरचंदात टीएफएल-१ चा आवाज दाबला, तर एरवी अनेक वर्षे वाट पाहायला लावणारे रोप काही महिन्यांत फुलले. रानस्ट्रॉबेरीची एक जात जवळजवळ बारमाही फुलते. तिच्या या जनुकातली दोन अक्षरे गळाली आहेत, म्हणून 'थांब' म्हणणारा तिथे गप्प आहे.

इथवर आल्यावर माझा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा दोघेही प्रत्येक झाडात आहेत. मग एक साल हो आणि एक साल नाही, हे कशामुळे?

बिनबियांचे सफरचंद

याचे उत्तर एका विचित्र सफरचंदाने दिले. 'स्पेन्सर सीडलेस' नावाच्या अमेरिकन जातीच्या फुलांना नेहमीच्या पाकळ्या नसतात. मधमाशी फिरकत नाही, परागण होत नाही, तरी फळ धरते. त्यात बी नसते. पण हाताने परागण केले तर बी धरते. १९६७ मध्ये चॅन आणि केन या संशोधकांनी याचा फायदा घेतला. काही फळे बियांची केली, काही बिनबियांची ठेवली आणि पुढच्या वर्षी वाट पाहिली. जिथे बिनबियांची फळे होती तिथे पुन्हा फुले आली. जिथे बिया होत्या तिथे फुले रोखली गेली.

म्हणजे नुसत्या फळाच्या वजनाने झाड दमते असे नाही. फळातली बी झाडाला निरोप धाडते: यंदा नवा डोळा फुलाचा करू नकोस. या निरोपात जिबरेलिन या संप्रेरकांचा मोठा हात आहे, असे त्यानंतरचे संशोधन सांगते. जिबरेलिनचा शोधही मजेशीर आहे. भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढून मरतात, असा एक रोग जपानी शेतकऱ्यांना ठाऊक होता. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवले की तो एका बुरशीच्या स्रावाने होतो. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाचे नाव ठेवले. पुढे कळले की झाडे तो स्वतःही बनवतात. पालवी वाढवणारा हा पदार्थ बऱ्याच फळझाडांत मोहोर मागे ढकलतो.

स्पेन्सर सीडलेसला पाकळ्या का नसतात, तेही २००१ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी शोधले. फुलात पाकळ्या घडवायला लागणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसला होता. एका फुलाचे जनुक बिघडले आणि त्या बिघाडामुळे साऱ्या फळझाडांच्या रिकाम्या सालाचे कोडे सुटायला मदत झाली.

२०२० मध्ये स्पेनच्या वॅलेन्सियातून संत्र्याच्या कुळातल्या मँडरिनवरचे संशोधन आले. फळांनी लगडलेल्या झाडात, एफटीला दाबणारे एक जनुक पानांत जागे राहते. ज्या झाडावर फळ नाही तिथे ते झोपी जाते आणि एफटीला वाट मोकळी होते. आणि हे जागणे-झोपणे जनुकाची अक्षरे बदलून होत नाही, तर त्याच अक्षरांवर झालेल्या रासायनिक खुणांनी होते. मला हे वाचताना असे वाटले की झाडाजवळसुद्धा एक वही आहे. ज्या साली फळ दिले त्या साली ते एक खूण करते आणि पुढच्या साली ती खूण वाचते.

आंब्याचे काय

आंबा दिवसाच्या लांबीपेक्षा थंडी पाहतो. रात्री गार झाल्या आणि फांदी पुरेशी जून असली की मोहोर. जपानमधल्या अभ्यासात आंब्यातही एफटीसारखे जनुक सापडले आहे. भरघोस फळ देऊन थकलेल्या फांदीला वेळेत नवी पालवी येत नाही, आली तर थंडीपर्यंत ती जून होत नाही. कोवळ्या पानाने निरोप धाडायचा तरी कसा? रेघ पडते ती अशी. गेल्या मोसमातल्या आंब्यांनीच ती ओढलेली असते. १९८६ साली वईवरच्या झाडाने जे भरभरून दिले, त्याचीच ती १९८७ ची रेघ होती.

सगळ्याच जाती अशा नाहीत. दक्षिणेतला नीलम दरवर्षी येतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७१ मध्ये पीयूषकांती मजुमदार यांनी दशेहरी आणि नीलम यांचा संकर करून आम्रपाली केली, ती दरवर्षी फळते. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात दिली, १९८१ मध्ये. दरवर्षी येणारी आणि साका नसलेली. या जाती झाल्या तेव्हा एफटीचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. शेकडो रोपे लावायची, वर्षानुवर्षे मोजायची आणि निवडायची. फुफीच्या वहीचीच पद्धत, फक्त मोठ्या प्रमाणावर.

औषध आणि खंड

हापूसवाल्यांना मात्र हापूसच हवा. त्यांच्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल आले. हे द्रव्य झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीत दिले की ऑक्टोबरची पालवी अडते आणि मोहोर लवकर, दरवर्षी येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात हापूसवर यावर बरेच काम झाले. शिफारस केलेली मात्रा, वय पाहून, खतपाणी चोख ठेवून दिले तर याने अनेक घरे सावरली, हे मान्य केले पाहिजे.

पण बाग खंडाने घेतलेल्या माणसाचा हिशेब तीन वर्षांचा असतो, झाडाचा साठ-सत्तर वर्षांचा. आमच्या बागेतही एका खंडकऱ्याने भरमसाट मात्रा दिली, खत मात्र दिले नाही. तीन वर्षे पेट्या मोजून नेल्या. चौथ्या वर्षी शेंडे आखूड, पाने बारीक, मोहोर मुठीसारखा आकसलेला. 'थांब' म्हणणारा आवाज आपण बंद केला होता. तो आवाज झाडाच्या भल्यासाठीही होता, हे विसरलो होतो.

यंदा खंडाची बोलणी करताना मी आणि माझा धाकटा भाऊ बसलो. मी वही पुढे ठेवली. औषध नाही म्हटले तर खंड कमी मिळणार, हे भावाने स्पष्ट सांगितले आणि ते खरे होते. घर त्याला चालवायचे आहे, मी शहरात पगार घेतो. शेवटी असे ठरले: दहा झाडांपैकी चार झाडांना औषध नाही, त्यांना त्यांच्या चालीने येऊ द्यायचे. उरलेल्या सहांना कृषी सहायकाला विचारून, मोजून, खतासकट. पैसे थोडे कमी आले. भाऊ अजून थोडा नाराज आहे.

माणसाचे शरीर आणि झाडाचे शरीर यांची तुलना करायला मी हे लिहिलेले नाही. तशी तुलना चूकच होईल. फुफीला मूल का झाले नाही हे कुणाला माहीत नाही आणि ते माहीत असायची गरजही नाही. मला दिसते ते ठपका ठेवण्याच्या सवयीत. समोर फळ दिसले नाही की आपण कारण शोधत नाही, शब्द शोधतो. तो शब्द तयारच असतो. अबुल फजलपासून वॅलेन्सियापर्यंत सव्वाचारशे वर्षे लागली, तेव्हा कुठे त्या एका रेघेचा अर्थ नीट लागला. दादांनी तो शब्द दहा सेकंदांत उच्चारला.

फुफीचा इंतेकाल चार वर्षांपूर्वी झाला. वही आता मी पुढे चालवतो. भाऊ फोनवर आकडे सांगतो, मी उर्दू अंकांतच लिहितो. औषध न दिलेल्या चार झाडांपैकी तिघांसमोर या वर्षी रेघ आहे. मी ती ओढली आणि पुढच्या सालासाठी शेजारी जागा मोकळी सोडली.